बिनतळाचे बूट

"लेकराले ढोलावर निजवू नका, मास्तरीणबाई. सवय लागन. मंग काय ढोल घरी बांधाल म्हशीसारखा?"

शेजारच्या विमलाबाईंनी हे मला आमच्या बोरगावच्या घरी, कुंपणापलीकडून, गहू पाखडता पाखडता सांगितलं. मी हसले. कशी हसले तेही सांगते, म्हणजे पुढे जे झालं ते मला किती शोभलं हे कळेल. ओठ न उघडता, नाकातून हसले. बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. लहान मुलांना सवयी कशा लागतात या प्रश्नावर मी परीक्षेत सहा पानं लिहून वर पुरवणी मागितली होती. विमलाबाईंना सहा मुलं होती. पानामागे एक मूल हा हिशेब तेव्हा मला सुचला नाही.

आमच्या अंगणात ढोल आला कुठून, तर किसनरावांच्या नवप्रभात बँडची तालीम त्या आठवड्यात आमच्याकडे चालू होती. आमचे हे हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतात आणि फावल्या वेळात क्लॅरोनेट वाजवतात. शेजाऱ्यांच्या मते ते उलटं आहे. ऐन लग्नसराईच्या तोंडावर किसनरावांचा क्लॅरोनेटवाला गिरणीत नोकरी लागून निघून गेला, तेव्हा किसनराव येऊन ह्यांच्यासमोर टोपी काढून बसले आणि म्हणाले, "मास्तर, उन्हाळ्याची सुट्टी हाये तुमची. दीड महिना आमची अब्रू सांभाळा." अब्रू हा शब्द कानावर पडला की हे बसल्या जागी उभे राहतात. तसे राहिले.

मला मात्र कोणी बोलावलं नव्हतं. हे मीच आधी सांगून टाकते, कारण कोणी ना कोणी विचारतंच. मी गेले त्याची कारणं दोन. एक म्हणजे ह्यांचं पोट. दुसरं म्हणजे आमची जिजा दहा महिन्यांची होती आणि त्या दहा महिन्यांत ती माझ्या नजरेआड एकूण पाऊण तास गेली होती. तिला घेऊन घरी थांबले असते तर ह्यांची काळजी, ह्यांच्याबरोबर गेले तर तिची काळजी. दोन्ही काळज्या एकाच ठिकाणी राहिल्या तर लक्ष ठेवायला बरं, म्हणून गेले.

गल्लीनं सल्ले दिले. उन्हासाठी पदरात कांदा बांधा. पाणी उकळून घ्या. तहसील कचेरीतून पेन्शनीत आलेले अण्णाजी तर संध्याकाळी मुद्दाम येऊन बसले.

"बँडवाल्यांसंगं बाईमाणूस," ते म्हणाले. "लोक विचारतीन."

"काय विचारतील?"

"तेच तं. विचारतीन."

आणि त्यांनी उत्तर म्हणून एक दाखला लिहून दिला. 'सदरहू बाई या बँडपैकी नसून क्लॅरोनेट वाजविणारे मास्तर यांच्या धर्मपत्नी आहेत, सबब त्यांस काहीही वाजविण्यास सांगू नये.' खाली लफ्फेदार सही. मला तेव्हा तो अपमान वाटला. पुढच्या दीड महिन्यात त्या कागदाच्या घड्या फाटल्या इतक्यांदा मी तो काढला. प्रत्येक गावात बायका माझ्याभोवती जमायच्या, जिजाचे गाल ओढायच्या आणि अगदी आपुलकीनं विचारायच्या, "तुमी काय वाजवता बाई?" त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं ही अडचण अण्णाजींनी लक्षात घेतली नव्हती.

विमलाबाई बरोबर होत्या हे मला पहिल्याच दिवशी पुलगावच्या स्टेशनात कळलं. पुलगावहून आर्वीला छोटी गाडी जाते. आमची अकरा माणसं, वाद्यं, मी, जिजा, आणि स्टोव्ह. पार्सलच्या बाबूनं सगळं पाहिलं आणि त्याचं बोट ढोलावर थांबलं.

"हे काय?"

"ढोल," किसनराव म्हणाले.

बाबूनं दरपुस्तक उघडलं. त्यात हार्मोनियम होती, तबला होता, सतार खोक्यासह आणि खोक्याशिवाय होती. एवढा मोठा ढोल नव्हता. त्यानं पुस्तक मिटलं. "नाई बसत."

"अहो, पण दरवर्षी जाते ना बापा हा ढोल."

"दरवर्षीचा बाबू बदलला. आन काय घाई हाये? दिवाळीपर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात जाऊन राह्यला म्हणतात. तिकडच्या पुस्तकात असन तं असन."

गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि दिवाळीला सहा महिने. शेवटी बाबूनंच तोड काढली. त्यानं पावतीवर 'पिंप, रिकामे, नग एक' असं लिहिलं आणि ढोल मागच्या गार्डच्या डब्यात टाकायला सांगितलं. किसनरावांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या वडिलांनाच कोणी पिंप म्हटलं होतं. पण ढोल गेला. ढोलामागे ढोल वाजवणारे गोमाजीही गेले, कारण ते ढोलाला सोडून बसत नसत.

आणि जिजा रडायला लागली.

आधी मला वाटलं भूक. मग वाटलं ऊन. मग मुंगी, मग पोट, मग नजर. बी.ए.नंतर नजरेवर यायला मला चार मिनिटं लागली. हे म्हणाले, "तालमीत ती गोमाजींच्या ढोलाशी निजायची, तसं तर नसेल?" मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की ते क्लॅरोनेट पुसायला लागले. जिजाचा आवाज स्टेशनाबाहेर पोचला. गार्ड हिरवी झेंडी काखेत मारून चौकशीला आला. थोडक्यात, पुलगाव ते आर्वी हा प्रवास मी, नागपूरच्या कॉलेजातून पदवी घेतलेली बाई, गार्डच्या डब्यात एका रिकाम्या पिंपाशेजारी बसून केला. गोमाजी ढोलावर हलक्या बोटांनी ठेका धरून बसले होते. जिजा तिसऱ्या मिनिटाला झोपली आणि आर्वीपर्यंत उठली नाही.

या गोमाजींविषयी सांगायला हवं. साठीकडे झुकलेले, काटक, डोक्याला पांढरं फडकं. आर्वीच्या पलीकडे जंगलाच्या कडेला त्यांची वस्ती. घरी बायकोशी, धुरपताबाईंशी, ते गोंडीत बोलत, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि दोन्हीकडे फार थोडं. तुम्ही काही विचारलं की ते आधी तुमच्या तोंडाकडे नीट बघत आणि मग उत्तर देत. मला ती सभ्यता वाटली. आमच्या घरात उत्तर देताना तोंडाकडे बघण्याची पद्धत नाही. बँडच्या खाकी पोशाखात ते बाकीच्यांसारखेच दिसत. फक्त पाय अनवाणी.

इथे माझा प्रकल्प सुरू झाला.

माझं म्हणणं अगदी साधं होतं. पोशाख आहे, टोप्या आहेत, बिल्ले आहेत, आणि खाली पाहावं तर कोणाच्या पायात वहाणा, कोणाच्या चपला, कोणाच्या काहीच नाही. बँड वरून लष्करातला दिसतो आणि खालून बाजारातला. शिवाय अनवाणी पायांतून जंत होतात, हेही मी किसनरावांना सांगितलं. सगळ्यांना पांढरे कॅनव्हासचे बूट हवेत. किसनराव हो म्हणाले, कारण त्यांना नवप्रभात बँडचं नाव नागपुरात न्यायचं होतं. आर्वीच्या बाजारातून अकरा जोड आले. त्यांना खडू मी लावला. सगळ्यांनी घातले. गोमाजींनी हातात घेऊन उलटसुलट पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मले नोको बाई."

"सगळ्यांनी घातलेत, गोमाजी."

"घालू द्या."

"जंत होतात अनवाणी पायांना."

"साठ वर्सांत झाले असतीन तं आता मोठे झाले असतीन. राहू द्या त्यायले."

पण मी ऐकणाऱ्यांतली नाही. मी ह्यांना मफलर घालायला लावला आहे, मे महिन्यात. गोमाजींनी शेवटी बूट घातले.

त्या बुटांचं पहिलं लग्न गिरडला, टेकडीच्या पायथ्याशी एका कास्तकाराच्या घरी होतं. वरात निघाली. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या वळणाला ढोल जरासा मागे पडला. तिसऱ्याला पुढे निघून गेला. आमचे हे एक गाणं वाजवत होते आणि ढोल त्याच गाण्याचं पुढचं कडवं. वऱ्हाडातली नाचणारी माणसं अर्धी क्लॅरोनेटवर आणि अर्धी ढोलावर नाचत होती, आणि एकमेकांच्या पायांवर पडत होती. नवरदेवाचा घोडाही बिचकून एका गोठ्यात शिरला. झांजा वाजवणारा चंद्रभान, हा किसनरावांचा साळा, माझ्या शेजारून जाताना मोठ्यानं म्हणाला, "बुढा झाला आता. ढोल माह्याकडं द्या म्हणून दोन सालापासून सांगून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या व्हरांड्यात गोमाजी पाठमोरे बसून ढोलाच्या दोऱ्या आवळत होते. मी जिजाला भात भरवत होते. एवढ्यात गावातल्या एका पोरानं त्यांच्या पाठीमागे टांगलेल्या, शाळेचा तास वाजवायच्या रुळाच्या तुकड्यावर एकदम दणका घातला. मी किंचाळले. आत हे उठून उभे राहिले, कोणाची अब्रू गेली ते विचारत. गोमाजी दोरी आवळत राहिले. मान हलली नाही. मग जिजा रांगत त्यांच्यामागे गेली आणि तिनं आपल्या इवल्या तळव्यानं फरशीवर एक चापट मारली.

गोमाजी लगेच वळले आणि हसले.

मी हातातला भात खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. तेच म्हणाले.

"कान गेले बाई. आठ वर्सं झाली. तापात गेले."

"मग वाजवता कसं?"

"पाय हायेत ना." त्यांनी तळवा फरशीवर टेकवला. "बारका ढोल, तुमच्या मास्तरचे पाय, सारं जमिनीतून येते. आन किसनरावचा खांदा पाहतो. ठोका येयाच्या आंधी त्याचा खांदा वर जाते." त्यांनी पाय उचलून घेतला. "काल तुमचे बूट घातले आन जसी कोनं माह्या कानात बोटं घातली."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींची काळजी केली आहे. कॅनव्हासच्या बुटांनी एखाद्याला बहिरं करता येतं, ही काळजी माझ्याकडून राहून गेली होती.

"कोनाले सांगजा नोको," ते म्हणाले. "चंद्रभान ढोलावर डोया ठेवून हाये. ढोल गेला तं मंग मले या दुनियेत दुसरं काई ऐकू येत नाई."

मी शपथ घेतली. जिजाच्या डोक्यावर हात ठेवून घेतली.

आता बुटांचं काय करायचं? अकरांत दहा पांढरे आणि एक अनवाणी दिसले तर किसनराव विचारणार. मी दुपारी सगळे झोपले असताना गोमाजींचे बूट घेतले आणि विळीवर त्यांचे तळ कापून काढले. विळीवर मी तोवर दोडक्यापलीकडे काही कापलं नव्हतं. वरून बूट, खालून गोमाजी. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी ह्यांना उठवून दाखवणार होते, पण शपथ आठवली. दोष एकच होता. दर वीस पावलांनी बूट घोट्यावरून वर सरकत आणि वरात संपेपर्यंत नडगीवर जाऊन बसत. लोकांना वाटे, नागपूरकडची काही नवी तऱ्हा असेल. एका गावात तर नवरदेवाच्या भावानं ते कुठे मिळतात म्हणून विचारलं.

ढोल पुन्हा तालावर आला. पण मी एकदा कोणाची काळजी वाहायला घेतली की ती अर्ध्यावर सोडत नाही. वरातीचं भागलं, लग्न लागण्याचं काय? आमच्या बँडची रीत अशी की मंगलाष्टकांच्या शेवटच्या 'सावधान'ला पहिला ठोका ढोलाचा. ढोल वाजला की बाकीचे सुरू होतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात. पण 'सावधान' प्रत्येक अष्टकाच्या शेवटी येतं. शेवटचं कोणतं, ते भटजींना ठाऊक आणि देवाला. गोमाजी किसनरावांचा खांदा बघत. समजा किसनराव गर्दीत दिसले नाहीत तर? मी ठरवलं की बायकांच्या बाजूला पुढे बसायचं आणि शेवटच्या सावधानला पांढरा रुमाल हलवायचा. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं फूल असलेला, माझा कॉलेजातला रुमाल. गोमाजींनी मान हलवली. पाच लग्नं त्या रुमालावर बिनचूक लागली. पाचव्यानंतर मी स्वतःला बँडपैकी समजायला लागले होते. कोणी "तुमी काय वाजवता?" विचारलं तर दाखला काढण्याआधी मी क्षणभर थांबत असे.

मग आर्वीचं लग्न आलं.

कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्याची मुलगी. मांडव एवढा की मधले खांब झाडांसारखे. मुहूर्त सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांचा. भटजींचं घड्याळ एका चौरंगावर, लोडाला टेकवून, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. किसनराव एका खांबाआड गेले. म्हणजे खूण करायला आता मीच. मी पुढे बसले. जिजा माझ्या मांडीवर झोपली होती, कारण गोमाजी चार हातांवर उभे राहून सवयीनं ढोलाच्या कडेवर बोटांनी ठेका धरून होते. भटजींचा आवाज चांगला होता. पहिलं अष्टक झालं. दुसरं झालं. तिसरं संपत आलं.

जिजाच्या नाकावर माशी बसली.

वाचक, मी तुम्हाला प्रामाणिकपणे विचारते. मांडवाबाहेर खरकट्याचा ढीग, त्यावरून उठलेली माशी, ती तुमच्या दहा महिन्यांच्या मुलीच्या नाकावर बसली, आणि तुमच्या हातात रुमाल आहे. तुम्ही काय कराल?

"सावधान," भटजी म्हणाले.

धडाम, ढोल म्हणाला.

त्यापुढचं कोणाच्याच हातात नव्हतं. ढोल वाजला म्हणून आमचे हे डोळे मिटून सुरू झाले, ह्यांच्यामागे बारका ढोल, त्यामागे चंद्रभानच्या झांजा. दोन मामांनी अंतरपाट सोडला. तीनशे माणसांनी हातातल्या सगळ्या अक्षता एकदम टाकल्या. नवरी चटपटीत होती, तिनं हार घातला. नवरदेवानंही घातला. बाहेर कोणीतरी फटाके लावले. भटजी चौथ्या अष्टकासाठी तोंड उघडून तसेच उभे होते, आणि घड्याळात दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

"अकरा मिनिटं आधी," वाजणं थांबल्यावर भटजी म्हणाले. "पंचांगात अशा लग्नाला जागा नाही."

"पण लागलं ना," नवरदेवाचे मामा म्हणाले.

"लागलं नाही. आपटलं."

नवरीचे वडील म्हणाले, पुन्हा लावा. मामा म्हणाले, घातलेले हार काढणं अशुभ. भटजी म्हणाले, हार घातलेल्या दोघांमधे अंतरपाट धरणं हास्यास्पद. नवरा-नवरी एकमेकांकडे बघून हसत होते. त्यांच्यापुरतं काम झालं होतं. शेवटी हार गळ्यात ठेवून मधे अंतरपाट धरायचा आणि अष्टकं पहिल्यापासून म्हणायची, असं ठरलं. पण अक्षता संपल्या होत्या. आचाऱ्याकडून जेवणाचा तांदूळ आणायला माणूस धावला. आचारी तांदूळ मोजल्याशिवाय देईना.

या गोंधळात चंद्रभाननं गोमाजींच्या गळ्यातला पट्टा काढून ढोल आपल्या गळ्यात घातला. "बुढ्याले समजत नाई आता," तो म्हणाला. किसनराव खांबाआडून आले. त्यांचा चेहरा पुलगावच्या पावतीच्या वेळेपेक्षाही वाईट होता. गोमाजी मोकळ्या हातांनी उभे होते. बूट पुन्हा नडगीवर चढले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण तक्रार करणाऱ्या माणसासारखं नाही. पुढे काय, असं.

मी उठले. जिजाला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "किसनराव, चूक त्यांची नाही. माझी आहे. माशी होती."

"माशी?"

"मी रुमालानं माशी हाकलली."

किसनरावांनी फार हळू विचारलं, "आन ढोल तुमच्या रुमालाकडं काऊन पाहून राह्यला होता?"

इथे चतुर बाईनं काहीतरी रचून सांगितलं असतं. विमलाबाईंनी सांगितलं असतं. मला कॉलेजात खरं बोलायला शिकवलं होतं, आणि तेही मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मी म्हणाले, "त्यांना ऐकू येत नाही."

मांडवातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. ज्यांच्याविषयी होतं ते एकटे सोडून. पण तीनशे तोंडं एकदम आपल्याकडे वळली की ऐकायची गरज उरत नाही. गोमाजींनी खाली पाहिलं, वाकून एकेक बूट काढला, आणि दोन्ही जोडून खांबापाशी नीट ठेवले. एकानं त्यांतला एक उचलून आरपार पाहिला.

किसनराव माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तरीणबाई, हे मले आठ वर्सांपासून ठाऊक हाये. माहा खांदा का वातानं वर जाते असं वाटलं तुमाले? पन ठाऊक असनं येगळं, आन मांडवात सांगनं येगळं."

मी त्या दीड महिन्यात अण्णाजींच्या दाखल्यापासून गार्डच्या डब्यापर्यंत बरंच काही गिळलं होतं. हे गिळवलं नाही. अजूनही तिथेच आहे.

दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी भटजींनी पुन्हा सुरुवात केली. चंद्रभान ढोल पोटावर धरून, टिपरू वर करून, सैनिकासारखा उभा राहिला. ढोलावर बोटं नव्हती. ठेका नव्हता. पहिल्याच ओळीला जिजा जागी झाली.

तिला आता आवाजही मोठा फुटला होता. महिनाभर बँडबरोबर काढल्यावर फुटतोच. भटजी वरच्या पट्टीत गेले, जिजा त्यांच्या वर गेली. नवरीकडच्या बायका मला बाहेर जायची खूण करू लागल्या, पण मधे तांदूळ घेऊन आलेला माणूस, आचारी आणि आचाऱ्याचं माप उभं होतं. दहा सत्तेचाळीस. भटजी थांबले. म्हणाले, या आवाजात देवालाही ऐकू जाणार नाही, मुहूर्त चुकला तर माझ्याकडे बोट दाखवू नका.

तेव्हा नवरीची आत्या सीताबाई, जाडजूड, इतका वेळ सुपारी कातरत बसलेली बाई, अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "अरे, त्या बुढ्याले दे ना तो ढोल. लेकरू त्याच्यावर निजते, मी केव्हाची पाहून राह्यली. तुमाले लगन लावायचं हाये का नाई?"

चंद्रभाननं किसनरावांकडे पाहिलं. किसनरावांनी फक्त हात पुढे केला. चंद्रभाननं पट्टा काढला.

गोमाजींनी ढोल गळ्यात घेतला, अनवाणी पाय जमिनीवर रोवले आणि कडेवर बोटांनी ठेका धरला. जिजाचा एक हुंदका अर्ध्यात थांबला. दुसरा आलाच नाही. भटजींनी अष्टकं अशी धावत म्हटली की आर्वीत तशी पूर्वी कोणी म्हटली नसतील. किसनराव एका खुर्चीवर चढून सगळ्यांच्या वर उभे राहिले. मी रुमालावर बसले होते. माश्या आल्या, बसल्या, गेल्या, मी हलले नाही. दहा बावन्नला किसनरावांचा खांदा वर गेला, आणि ढोल असा वाजला की जेवणाचा तांदूळ लोकांच्या हातातून आपोआप सुटला.

लग्न लागलं. जेवणात भात कमी पडला. त्याबद्दल कोणी मला काही बोललं नाही, पण वाढताना माझ्या पानावर त्यांनी चमचाभरच घातला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती विमलाबाईंनाही सांगितली असती. पण त्यानंतर आमची तीन लग्नं राहिली होती, आणि बातमी आमच्या पुढे पोचत होती. हाच का तो, म्हणून लोक येत. कोणी पाठीमागे जाऊन टाळी वाजवून बघे. कोणी कानाशी येऊन ओरडे आणि हसे. गोमाजींना ऐकू येत नव्हतं. पण टाळी वाजवणाऱ्याचे पाय जमिनीवरच असतात. त्यांनी एकही ठोका चुकवला नाही. फक्त किसनरावांचा खांदा सोडला तर ते आता कोणाच्या तोंडाकडे बघत नसत, खाली बघत.

शेवटचं लग्न झालं त्या दिवशी आर्वीच्या स्टेशनात त्यांनी ढोल माझ्याजवळ आणून ठेवला. "पोरीपाशी राहू द्या," म्हणाले. "पोळा झाला की येतो घ्याले." बाबू नवा होता. त्यानं पावतीवर पुन्हा पिंप लिहिलं.

ढोल आमच्या घरी आहे. बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली. विमलाबाई रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन विचारतात, "म्हैस चारा खाते का?" मी बोटांनी ठेका धरते, पण जिजाला फरक कळतो. ती डोळे उघडे ठेवून पडून राहते आणि माझ्या हाताकडे बघते. हेही प्रयत्न करतात. ह्यांच्या ठेक्याला ती रडते.

पोळा झाला. गणपती झाले. नवरात्र बसायला आलं. मी दोन कार्डं टाकली, आणि गोमाजींना वाचता येत नाही हे दुसरं टाकल्यावर आठवलं. किसनराव एकदा आर्वीपर्यंत गेले होते, पण नाल्याला पूर होता, पलीकडे जाता आलं नाही. चंद्रभाननं ढोलाविषयी विचारलं तेव्हा त्यांनी त्याला झांजा घासून ठेवायला सांगितल्या. तुळशीचं लग्न झालं की आमच्या बँडचं पहिलं काम आहे, आणि ढोलवाल्याची जागा त्यांनी तशीच ठेवली आहे.

तर माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी आर्वीच्या पलीकडे जंगलाच्या बाजूला जाणार असेल तर थोडी वाट वाकडी करा. नाला ओलांडला की पाच-सहा घरं आहेत, शेवटच्या घरापुढे मोहाचं झाड. धुरपताबाई असतील तर त्यांना विचारा. नसतील तर फाटकातून हाका मारत बसू नका, आणि ओ आली नाही म्हणून परत फिरू नका. आत अंगणात जा. चपला काढा. आणि जमिनीवर जोरात एकदा पाय आपटा.

ते वळले, तर मला एक कार्ड टाका. वळले एवढंच लिहिलं तरी चालेल.